ज्यानं 'डाऊन' ऐकलं

हायरम व्हान्स कवळी बसवून घ्यायला क्लीव्हलंडला येतोय, रविवारी दुपारी जेवायला आलो तर चालेल का म्हणून विचारतोय, एवढंच त्या कार्डावर होतं. लेटीनं ते न्याहारीच्या टेबलाशी उभ्याउभ्याच वाचलं, आणि वाचता वाचता तिचा डावा हात केसांकडे गेला. कानामागं सुटलेली बट तिनं नीट खोचली. झालं ते एवढंच. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली. आजवर माझ्यासाठी तिचा हात असा केसांकडे गेल्याचं मला आठवत नाही. मी उकडलेलं अंडं चमच्यानं फोडत होतो, ते जरा जास्तच फुटलं. "बिचारा," लेटी म्हणाली, "आत्ता कुठं चाळिशी उलटली आणि दात गेले." मी म्हटलं, "गुराढोरांचा डॉक्टर आहे तो. घातली असेल एखाद्या घोड्यानं लाथ." ती हसली. हायरमला घोड्यानं लाथ घातली यातही तिला काहीतरी कौतुकाचं दिसत होतं, हे मला तिच्या हसण्यावरून कळलं. मग ती म्हणाली, रविवारी भाजलेलं मांस नको करायला, त्याला चावायचं नाही. कोंबडी मऊ शिजवून त्यात पिठाचे गोळे सोडू. सतरा वर्षं दर रविवारी आमच्याकडे भाजलेलं मांस होतं. मला ते आवडतं. मी टोपी घेतली आणि दुकानाला निघालो.

मी भिंतीला चिकटवायच्या कागदाच्या दुकानात असतो. वेलबुट्टीचे, पट्ट्यापट्ट्यांचे, द्राक्षाच्या घडांचे कागद लोकांना उलगडून दाखवायचे, खोलीचं माप ऐकून किती गुंडाळ्या लागतील ते सांगायचं. माझ्या हातून माप चुकत नाही, मालकही तसं म्हणतो. त्या दिवशी मात्र एका बाईंनी झोपायच्या खोलीसाठी निळा कागद मागितला आणि मी त्यांच्यापुढं हिरवा उलगडत बसलो. बाई म्हणाल्या, "अहो, तुमचं लक्ष कुठंय?" लक्ष अठरा वर्षं मागं होतं. मार्डेन कॉलेजच्या मागच्या माळावर, जिथं चुन्याच्या रेघा मारून आम्ही फुटबॉल खेळायचो. नाव फुटबॉल, पण पायाचं काम कमीच. चेंडू काखेत मारायचा आणि समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत डोकं खुपसायचं. त्र्याण्णव साली आमच्या कॉलेजनं पहिल्यांदा संघ काढला. डोक्याला मार बसू नये म्हणून आम्ही केस मानेवर वाढवले होते आणि गावातली पोरं आम्हाला मेंढरं म्हणायची. सहा सामने खेळलो, सहाही हरलो. हरलो म्हणजे नुसते हरलो नाही, धुव्वा उडाला. सबंध हंगामात आमच्या नावावर एक गुण नाही. आता विचार केला तर हसू येतं की अशा संघात असण्या-नसण्यावरून मी जळून खाक व्हावं. जिंकणाऱ्याचा हेवा कुणीही करील. मी एका हरणाऱ्या गड्याचा हेवा करत होतो, आणि तोही असा की रात्री अंथरुणात दात-ओठ खायचो.

पहिले दोन सामने हायरमच्या जागेवर मी होतो. चेंडू घेऊन घुसणारा गडी मी. मला कुणी वाईट म्हणत नव्हतं, मी चपळ होतो. पण त्या काळी नियम असा होता की धरलेला गडी स्वतःच्या तोंडानं 'डाऊन' म्हणत नाही तोवर डाव चालूच. समोरचे तुमच्या मानेवर बसले असतील, तुमचेच गडी तुम्हाला विजारीला धरून पुढं ओढत असतील, दुसऱ्या बाजूचे पायाला धरून मागं खेचत असतील, कापडासारखी ओढाताण चाललेली असेल. तुम्ही तो शब्द म्हणालात की सगळं थांबायचं. म्हणजे स्वतःची सुटका स्वतःच्याच तोंडात. मी म्हणायचो. त्यात काय चुकलं ते मला आजही नीटसं पटत नाही. गुडघा मुरगळायची वेळ आली की म्हणायचो, श्वास कोंडला की म्हणायचो. दुसऱ्या सामन्यानंतर आमचा कप्तान ऑरिन टटल सगळ्यांसमोर म्हणाला, "कॉब, तू पडायच्या आधीच डाऊन म्हणतोस. उद्या त्यांनी तुझ्याकडे नुसतं बघितलं तरी म्हणशील." सगळे खो-खो हसले. त्या दिवसापासून मी 'डाउनी' झालो. जेवणघरात बटाटे फिरवताना पोरं म्हणायची, "डाउनीला एकच द्या रे, दुसरा त्याला झेपायचा नाही." मीही हसायचो. हसलो नसतो तर आणखी चिडवलं असतं. आणि तिसऱ्या सामन्याला टटलनं माझ्या जागी हायरम व्हान्सला उभं केलं. हा आमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा, बापाचं शेत सांभाळून उशिरा शिकायला आलेला, हाताचे पंजे फावड्याएवढे, आणि खेळाचे नियम निम्मेही ठाऊक नाहीत. त्याला तो शब्द जणू माहीतच नव्हता. चौघं चौघं उरावर बसले तरी गप्प. शेवटी समोरचेच कंटाळायचे आणि पंच शिट्टी फुंकायचा. सामना चाळीस-शून्यानं हरून आला, तोंडातला चिखल थुंकला आणि म्हणाला, "त्यांचा एक बूट आपल्याकडे राहिलाय. उगीच रिकाम्या हातानं आलो असं नको." त्या बुटावर गाव आठवडाभर हसलं. सामन्याला माणसं वाढली. हरताना बघायला यायची, आणि हरल्यावर त्याच्या पाठीवर थाप मारून जायची.

लेटीचा बाप गावात घोड्यांचा साज बनवायचा. गड्याला ओढायला सोपं जावं म्हणून आमच्या विजारींच्या कमरेला कातडी मुठी शिवलेल्या असत, त्या लेटी शिवायची. मी रोज काहीतरी निमित्त काढून त्यांच्या दुकानात जायचो, आणि एवढं तिला कळत होतं, कारण मी आलो की ती कातडं कापायचं थांबवून माझ्याशी बोलायची. चौथ्या सामन्याच्या आधी मी बघितलं, हायरमच्या मुठी ती दुहेरी टाक्यानं शिवत होती. माझ्या एकेरी होत्या. मी म्हटलं, "त्याला दुहेरी का?" ती म्हणाली, "त्याला जास्त ओढतात ना, उसवतात." बरोबरच होतं तिचं. मला ओढायची वेळच यायची नाही. तिच्या दातांत मेणाचा दोरा होता आणि ती सरळपणानं बोलली होती. पण मी तिथून उठलो, ते थेट नदीपर्यंत चालत गेलो. पाण्याकडे बघत मी मनातल्या मनात हायरमचे हातपाय मोडले. त्याचा घोटा मुरगळावा, त्याला ताप यावा, त्याच्या बापानं त्याला परत शेतावर बोलवावं. एवढं करून दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी मीच त्याचा कोट धरून उभा. तो माझ्याशी चांगला वागायचा, हेच मला सगळ्यांत जास्त लागायचं. "कॉब, लेका, ते पुस्तकातलं मला एकदा समजावून सांग," म्हणायचा आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसायचा. मी नियम समजावून सांगायचो. तो ते दुसऱ्या मिनिटाला विसरायचा.

सहावा सामना आमच्या माळावर होता. रेफरी यजमान कॉलेजनं द्यायचा, अंपायर पाहुण्यांनी आणायचा, अशी तेव्हाची रीत. ज्याला संघात जागा नाही पण नियम येतात तो रेफरी. टटल म्हणाला, "तूच हो. पुस्तक तुला पाठ आहे, आणि खेळायला तू आम्हाला लागत नाहीस." असं तोंडावर. मी शिट्टी गळ्यात घातली. नोव्हेंबर संपत आला होता, चिखल गोठून त्याचे दगड झाले होते. सामना नेहमीसारखाच चालला, अठ्ठावीस-शून्य. शेवटची पाच-सहा मिनिटं राहिली असताना काय झालं कुणास ठाऊक, चेंडू त्यांच्या रेषेजवळ आला. रेषेपलीकडे नेला की चार गुण. लोक एकदम गप्प झाले. सबंध हंगामात आम्ही तिथवर कधी पोचलोच नव्हतो. हायरमनं चेंडू काखेत घेतला आणि तो त्या घोळक्यात शिरला. आमच्या दोघांनी त्याच्या मुठी धरल्या, त्यांच्या चौघांनी पाय. मी वाकून, जवळजवळ जमिनीला नाक लावून बघत होतो. धापा ऐकू येत होत्या, कापड फाटल्याचा आवाज, कुणीतरी कुणाच्या तरी आईचा उद्धार केला तो, कुणाचा तरी बूट माझ्या नडगीवर बसला तो. सगळा ढीग इंचाइंचानं सरकत रेषेवर आला, आणि मी चेंडू बघितला. रेषेच्या पलीकडे वीतभर. इतका स्वच्छ की सांगायची सोय नाही. तेवढ्यात त्यांचा कप्तान ओरडला, "हा डाऊन म्हणाला. रेषेच्या आधीच म्हणाला, मी ऐकलं." टटल म्हणाला, "थापा मारू नकोस, व्हान्स कधी म्हणतो का." मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण अशा वेळी रेफरीनं ऐकलं असेल तेच खरं. हायरम पालथा पडला होता, अर्धा चेहरा चिखलात, एक डोळा माझ्याकडे. मी काही ऐकलं नव्हतं. हे मी स्वतःला अठरा वर्षांत हजारदा विचारलंय, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आलंय. काही ऐकलं नव्हतं. रेघेबाहेरच्या लोकांत लेटी पुढं उभी होती, दोन्ही हात तोंडाशी नेऊन, ओरडायच्या तयारीत. ती हायरमसाठी ओरडणार होती. मी म्हणालो, "म्हणाला. रेषेच्या अलीकडे डाऊन म्हणाला." माझ्या वाट्याला आलेला शब्द मी उचलून त्याच्या तोंडात घातला, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की पायांखाली जमीन आहे का ते मी चाचपून बघितलं.

मग काय, गोठलेल्या चिखलाची ढेकळं आली. एक कपाळाला बसलं, एक कानावर फुटलं. टटल माझ्याशी त्यानंतर जन्मात बोलला नाही. हायरम उठला, चेंडू खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता जागेवर जाऊन उभा राहिला. त्यानं नाही म्हणावं, निदान एक शिवी द्यावी म्हणून मी वाट बघत होतो. तो काहीच बोलला नाही, आणि त्याचं ते न बोलणंही लोकांना मोठं वाटलं. सामन्यानंतर मी पंपाशी कपाळ धूत होतो तेव्हा लेटी आली. म्हणाली, "एल्बर्ट, खरंच ऐकलंस?" मी म्हटलं, "ऐकलं." ती जरा वेळ बघत राहिली. मग रुमाल पाण्यात बुडवून म्हणाली, "मान खाली कर. कानात चिखल गेलाय." सबंध गाव माझ्यावर थुंकत असताना ती भर रस्त्यानं माझ्याबरोबर घरापर्यंत चालली. पुढच्या जूनमध्ये आमचं लग्न झालं. परत तिनं कधी विचारलं नाही. पण मला कळत होतं की तो प्रश्न तिच्याजवळ आहे. कुठं हायरमचं नाव निघालं की ती चहात साखर जरा जास्त वेळ ढवळायची. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून लग्न केलं की माझी कीव येऊन, हे विचारायचं धाडस मला झालं नाही; आणि हळूहळू माझी अशी एक विचित्र समजूत झाली की जगात हायरमकडे सगळं आहे, पण ते चार गुण माझ्याकडे आहेत. ते मी त्याच्याकडून घेतले. माझ्या उभ्या आयुष्यात मी कुणाकडून काही हिसकावून घेतलं असेल तर तेवढंच. वाईट केलं हे समजत होतं, पण रात्री झोप लागायच्या आधी मी त्या वाईटाला हात लावून बघायचो, आहे ना जागेवर म्हणून.

रविवारी हायरम आला. सुटलेला, टकला, गळ्याशी घट्ट कॉलर, आणि नवे दात तोंडात मावत नसल्यामुळं बोलताना कटकट वाजत होते. मला बरं वाटायला हवं होतं. लेटीनं त्याचा कोट घेतला, तो म्हणाला, "मिस लेटी, तुम्ही तशाच आहात." सतरा वर्षांनी मिस लेटी. ती म्हणाली, "आणि तुम्ही दुप्पट झालात." दोघं हसले. कोंबडीचं पातेलं आलं. त्यानं एक गोळा तोंडात घातला, जपून चावला आणि म्हणाला, "देवा, चार दिवसांत पहिल्यांदा जेवतोय. त्या दंतवैद्याला एकदा माझ्या घोड्यांसमोर उभं करायचंय." लेटीनं त्याला आणखी वाढलं. मी माझ्या ताटात गोळे इकडून तिकडं सरकवत होतो. टटल कुठं असतो, कॉलेजच्या माळावर आता विटांची इमारत झालीय, हल्ली नियम बदलले, पंच हवं तेव्हा शिट्टी मारतात, असं बोलणं चाललं. मग हायरमनं चमचा खाली ठेवला. पुसून ठेवला, हे मला आठवतं.

"एल्बर्ट, मी काही दातांसाठीच आलो नाही," तो म्हणाला. "दात आमच्या गावातही बसवतात. मला तुझ्याशी बोलायचं होतं, आणि मिस लेटींच्या समोर बोलायचं होतं." मला वाटलं, आता हा विचारणार. अठरा वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं, आणि तेही तिच्यासमोर. तो म्हणाला, "त्या दिवशी मी डाऊन म्हटलं होतं. त्यांच्यातल्या एकानं गळ्यावर गुडघा दिला होता. मला वाटलं, मेलो. आपोआप तोंडातून गेलं, रेषेच्या अलीकडे. इतकं बारीक की मला वाटलं कुणाला ऐकू गेलं नसणार. त्यांच्या कप्तानाचं कुणी मानलंही नसतं. मग तू म्हणालास, म्हणाला. मी खालून तुझ्याकडे बघत होतो. मनात म्हटलं, या सबंध माळावर हा एकच खरा माणूस आहे. आणि माझ्याच्यानं उठून सांगवेना की तो बरोबर आहे म्हणून. लोकांनी तुला ढेकळं मारली, मी बघत उभा राहिलो. घाबरट कोण होतं, ते तुला माहीत होतं आणि मला. तू कधी कुणाला बोलला नाहीस. मी माझ्या पोरांना तुझी गोष्ट सांगतो. सांगतो की असा एक माणूस होता, स्वतःच्याच कॉलेजच्या विरुद्ध खरं बोलला. फक्त तो कुणामुळं खोटा ठरला, ते इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात सांगितलं. मग म्हटलं, आता त्याला तोंड दाखवता येईल."

मी लेटीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, आणि ती हायरमकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "एल्बर्ट," ती म्हणाली, "मला वाटत होतं तू खोटं बोललास. पंपापाशीच वाटलं होतं. तुझ्या तोंडावरच दिसत होतं मला, निदान तेव्हा तसं वाटलं. मी म्हटलं, असू दे. त्याला इतकं चिडवलं, इतकं हिणवलं, केलं त्यानं काहीतरी वेडंवाकडं. तसाच घेऊ याला. सतरा वर्षं मी मनात धरून बसले की मी तुला माफ केलंय. आणि माफ करण्यासारखं तू काही केलंच नव्हतंस. मला माफ कर." म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून, पंपाशी कानातला चिखल काढताना, लग्नाच्या दिवशी, पहिलं मूल गेलं तेव्हा, रोज सकाळी अंडं पुढं ठेवताना. मी जो होतो तोच तिनं घेतला होता. कीव नव्हती ती. ज्याची मला सतरा वर्षं भूक होती ते माझ्या घरात, माझ्या टेबलावर होतं, आणि मी ते खाल्लं नाही, हायरमच्या ताटाकडे बघत बसलो. एक वाक्य बोलायचं होतं. हायरम, मी काही ऐकलं नव्हतं. बोललो असतो तर ती पंपापाशी भेटलेली लेटी मला परत मिळाली असती.

हायरम पुढं झुकला होता. "तू नक्की ऐकलंस ना? इतकं बारीक होतं ते."

लेटी माझ्याकडे बघत होती. असं तिनं माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. कोणत्याही बाईनं बघितलं नव्हतं. इतका आदर माझ्या अंगावर कधी पडला नव्हता, आणि तो सोडवेना.

"स्पष्ट ऐकलं," मी म्हटलं.

हायरमनं नाक पुसलं. लेटीनं टेबलावरून हात पुढं करून माझ्या हातावर ठेवला, आणि मग उठून माझ्या ताटात वाढलं, आधी माझ्या. चार वाजता आम्ही दोघं हायरमला ट्रामपर्यंत पोचवायला गेलो. परत येताना लेटीनं माझ्या दंडात हात घातला, खांदा माझ्या खांद्याला लावला आणि लोकांकडे बघत, मान वर करून चालली. रस्त्यात शेजारच्या मिसेस बार्लो भेटल्या तर त्यांना म्हणाली, "हे माझे यजमान," जणू त्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं. मी हळू चालत होतो. हायरम गेला होता आणि त्याच्याबद्दल मला काहीच वाटत नव्हतं, अठरा वर्षांत पहिल्यांदा. पण लेटीच्या हातात हात घालून एक माणूस चालला होता, ज्यानं त्या ढिगाऱ्याखालचा शब्द ऐकला होता आणि सगळ्यांसमोर खरं सांगितलं होतं. ती त्याच्याशी बोलत होती, त्याच्याकडे बघून हसत होती. मी शेजारून चाललो होतो आणि त्या माणसाचा मला इतका हेवा वाटत होता की मला नीट श्वास घेता येईना.